मी दात धरत नाही

१ सप्टेंबर, सोमवार

काल चर्चमधल्या उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. १२ ऑक्टोबरच्या रविवारी मंडळीत ‘राग आणि विश्वासी माणूस’ असा वर्ग ठेवायचा आहे, तो मी घ्यावा असं त्यांचं म्हणणं. “वडीलमंडळींत तुमच्याइतकं शांत कुणी नाही. बारा वर्षांत तुम्हाला रागावलेलं मी पाहिलं नाही,” म्हणाले. मी नको नको म्हटलं, पण फार वेळ नाही. तोवर रोज दैनंदिनी लिहा, असंही त्यांनीच सुचवलं: राग आला का, कशाने आला, आणि सूर्य मावळायच्या आत सोडून दिला का. वर्गात उदाहरणं म्हणून कामी येतील.

अडचण एवढीच की मला राग येत नाही. तेव्हा लिहिणार काय? कामाचंच लिहीन. मी दात बनवतो. कवळ्या, टोप्या, प्लेटा. डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात, मी घरामागच्या खोलीत बसून त्यांना दात करून देतो. सव्वीस वर्षं झाली. प्रत्येक मापात प्लास्टर ओतलं की पेशंटचा जबडा हातात येतो, आणि काम संपलं तरी तो टाकवत नाही. फळीवर घरच्यांचेही जबडे आहेत. हिचा, लेकीचा आणि धाकट्याचा. धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्याचा जबडा तेवढा भिंतीकडे तोंड करून आहे. समोरून धूळ फार बसते.

सूर्यास्त सहा बावन्न. राग: नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

ही म्हणाली, रात्री तुम्ही पुन्हा दात खात होता. शेजारच्या खोलीत लेकीलाही ऐकू जातं म्हणे. जंत असतील. गोळी घेतली. झोपताना दातांवर चढवायची नवी पट्टीही करायला घेतली. या वर्षातली तिसरी. आधीच्या दोन चावून तुटल्या. हल्लीच्या मालात पूर्वीसारखा दम राहिलेला नाही.

राग: नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडून खोकं आलं. आत वरच्या जबड्याचं माप. चिठ्ठीवर नाव नाही, नुसता आकडा, आणि खाली लाल शाईत ‘तातडीचं’. प्लास्टर ओतलं, वाळू दिलं, माप सोडवलं आणि जबडा उलटा करून पाहिला. टाळूला डावीकडे लिंबाएवढं भोक. समोरच्या एका दाताचा कोपरा उडालेला.

तो कोपरा मीच उडवला आहे. मी अकरा वर्षांचा होतो, धाकटा सात. माझा पतंग त्याने फाडला म्हणून मी त्याच्या तोंडावर दार आपटलं. रक्त पाहून आई किंचाळली. तिने मला संध्याकाळपर्यंत गुडघ्यावर बसवलं आणि म्हणाली, “तुझा राग एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल.” त्या दिवसापासून मी रागावलेलो नाही. हे वर्गात सांगण्यासारखं आहे.

धाकट्याच्या टाळूत गाठ निघाली आणि सहा महिन्यांपूर्वी ती काढली, हे कानावर होतं. भेटायला जायचं होतं, राहून गेलं. दवाखान्याने दिलेली तात्पुरती प्लेट आता तुटली आहे. अशा माणसाला प्लेट नसेल तर प्यायलेलं पाणी नाकातून येतं आणि बोलायला गेलं तर नुसती हवा निघते. मंडळीत गीतं उचलणारा गळा होता त्याचा. शाळेची गाडी चालवतो, तिथेही मुलांना गाणी शिकवायचा.

आमचं नऊ वर्षं बोलणं नाही. भांडण मात्र नाही. मी मंडळीचा वडील, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी एक, निवडून आलो त्या दिवशी सगळे माझ्या शांतपणाचं कौतुक करत होते, तेव्हा हा भर हॉलमध्ये उठून म्हणाला, “आमचा दादा रागावत नाही हो, तो दात धरतो! घरातल्या सगळ्यांचे धरून ठेवलेत, फळीवर रांगेत!” सगळा हॉल हसला. पाळकसाहेब हसले. ही पण हसली, पदर तोंडाला लावून. मी त्याला त्याच संध्याकाळी, उजेड असतानाच, क्षमा केली. नंतर त्याने माझ्या खोलीतलं काम सोडलं, आणि बोलायला काही कारणच पडलं नाही.

राग: नाही. शोधूनही सापडला नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

हिला कळलेलं दिसतं. चहा देताना हळूच म्हणाली, “अहो, ते काम... घ्याल ना?”

“काम ते काम. पेशंट कोण हे मी बघत नाही,” म्हटलं. तिने डोळे पुसले. अगदी चांगली प्लेट करून देईन. वाईटाची फेड बऱ्याने करावी, हेच तर शिकलो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

प्लेट झाली. आयुष्यात इतकं सुबक काम माझ्या हातून झालं नसेल. भोकात बसणारा गोळा आतून पोकळ केला, म्हणजे वजन नको. दात त्याच्याच रंगाचे निवडले. प्लास्टरच्या जबड्यावर चढवली तर अशी बसली की उलटी धरली तरी पडेना. कोपरा उडालेल्या दाताशेजारी नवा दात लावताना हात क्षणभर थांबला होता, पण ते असो. पॉलिशचा एक हात फिरवायचा बाकी. उद्या पाठवून देतो.

राग: नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंचा फोन. म्हटलं, डावीकडची कड बोचेल असं वाटतंय, आणखी दोन दिवस द्या. अति घाई संकटात नेई. दरम्यान दोन कवळ्या आणि एक टोपी पाठवली. ती कामं नंतर आलेली, पण सोपी होती.

कड पुन्हा पाहिली. बोचण्यासारखं काही नाही. पण माझ्या नावाने अर्धवट काम बाहेर जात नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

लेक दवाखान्यात नर्सिंग शिकते. ड्यूटी संपली की रोज धाकट्याच्या खोलीवर जाते, हे मला आज समजलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

तिने एक कागद आणून माझ्या बाकावर ठेवला. धाकट्याचं अक्षर, अजूनही कोंबडीच्या पायांसारखं: ‘दादा, तुला एक सांगायचंय. लिहून नाही. तोंडाने बोललो होतो, तोंडानेच सांगेन. प्लेट आली की ये.’

“काय सांगायचं असेल?” लेक म्हणाली.

“त्याचं तो जाणे.”

“माफी मागायची असेल, बाबा.”

“किंवा तेच पुन्हा सांगायचं असेल,” मी म्हटलं आणि हसलो. ती हसली नाही. मला खरोखर कुतूहल नाही. कागद खणात ठेवला, प्लेटजवळ.

राग: नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टरीणबाई स्वतःच आल्या. “झाली असेल तशी द्या, मी बसवून बघते,” म्हणाल्या. मी म्हटलं, अजून एकदा गरम पाण्यातून काढावी लागेल, नाहीतर वास राहतो. त्यांनी खणाकडे पाहिलं. खण बंद होता.

“दुसऱ्याकडून करून घ्यायची तर पुन्हा माप घ्यावं लागेल. त्याची जखम आता माप सोसणार नाही. तो निम्म्याने वाळलाय, अन्नासाठी नळी घालून घ्यायला तयार नाही. मी सगळं तुमच्यावर ठेवलंय, एवढं लक्षात असू द्या.”

“प्रार्थनेत आहे तो माझ्या,” म्हटलं. खरंच आहे.

निघताना त्यांची नजर माझ्या पट्टीसाठी केलेल्या जबड्याकडे गेली. त्यावर नाव घातलेलं नव्हतं. त्यांनी तो उचलून उजेडात धरला. दाढा घासून सपाट झालेल्या, सुळ्यांची टोकं गेलेली. “हा कोण बिचारा? रोज रात्री कुणाशी तरी भांडतोय हा माणूस. याचा जबडा एक दिवस मोडेल.”

“आहे एक पेशंट,” मी म्हटलं. उगाच लाजिरवाणं वाटलं. जंतांचं त्यांना सांगायला हवं होतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

हिने आज जेवणाआधी दाताच्या कण्या केल्या. आधी प्लेट द्या, मग देव काय तो बघेल. तुमचा सख्खा भाऊ आहे. “अहो, तुम्हीच सांगा, तिला अजून काय करायचं राहिलंय?”

मी आवाज चढवला नाही. “माझ्या कामात कुणी बोललेलं मला चालत नाही, हे बावीस वर्षांत तुला कळायला हवं होतं,” एवढंच म्हटलं, अगदी हळू. तिचा हात ताटावरच थांबला.

नंतर खोलीत आलो आणि फळी जरा लावून घेतली. हिचा जबडा भिंतीकडे वळवला. सारखा समोर असला की कामात लक्ष लागत नाही.

सूर्यास्त सहा बावीस. राग: नाही. थोडी निराशा, पण ते पाप नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

बुधवारनंतर हिच्याशी बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं, म्हणून बोललो नाही. आमच्या घरात आदळआपट नाही, शिवीगाळ नाही. ही कप ठेवते तेव्हा आता आवाजसुद्धा होत नाही. लेक आत आली की दोघी कुजबुज थांबवतात. एवढी शांती किती घरांना लाभते? वर्गाच्या टिपणात हा मुद्दा घेतला.

नवी पट्टी तुटली. उजवीकडून, उभी.

५ ऑक्टोबर, रविवार

उपासनेत धाकट्यासाठी प्रार्थना सांगितली गेली आणि पाळकसाहेबांनी ती मलाच करायला लावली. चांगली झाली. दोनतीन बायका रडल्या. मी डोळे उघडले तेव्हा लेकीने डोळे मिटलेले नव्हते. सरळ माझ्याकडे बघत होती.

७ ऑक्टोबर, मंगळवार

जे या घरात कधी झालं नव्हतं, ते आज झालं. लेक गणवेशातच थेट खोलीत आली आणि ओरडली. केवढ्याने! रस्त्यावरचा माणूस थांबला असेल.

“तो उपाशी आहे, बाबा! चमच्याने दूध घातलं तर नाकातून येतं, ठसका लागतो, डोळे पांढरे करतो! आणि तुम्ही इथे तीन आठवडे पॉलिश करताय? कशाला? कुणाला दाखवायला?”

“आधी खाली बस. आवाज खाली.”

“नाही बसणार! एकदा ओरडा माझ्यावर! ताट फेका, काहीतरी करा! मला कळू तरी द्या, आत कुणी आहे ते!”

मी हातातलं काम बाजूला ठेवलं, हात पुसले आणि तिच्यासमोर स्टुलावर बसलो. म्हटलं, राग घेऊन आपण कुणाची सेवा करू शकत नाही. तू आत्ता काकासाठी बोलत नाहीस, तुझ्या रागासाठी बोलतेस. जोवर तो सोडत नाहीस तोवर मी तुझ्याशी या विषयावर बोलणार नाही. आणि गप्प बसून राहिलो. ती रडली, बाकावर मुठी आपटल्या, पुन्हा रडली. मी वाट पाहिली. मला सवय आहे. पाऊण तासाने तिने चेहरा पुसला, केस बांधले, आणि तिचा चेहरा अगदी निवळला. “बरं, बाबा,” म्हणाली आणि दार न वाजवता गेली.

तिचाही जबडा वळवून ठेवला. पण समाधान वाटलं. वर्गात सांगायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

सूर्यास्त सहा सतरा. राग (तिचा): सोडवला.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी उठलो आणि सगळं लख्ख समजलं. उशीर होत होता, तो देवाच्या योजनेत होता. रविवारी वर्ग आहे. त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर. धाकट्याला खुर्चीत बसवून आणायला सांगेन. वर्ग संपला की सगळ्यांसमोर त्याला माझ्या हाताने प्लेट देईन. तो ती घालेल आणि त्याला जे सांगायचं आहे ते सगळ्यांसमोर सांगेल. नऊ वर्षांपूर्वी हसलेल्यांपैकी बहुतेक जण अजून मंडळीत आहेत. त्यांनाही साक्ष मिळेल.

हिला सांगितलं. बुधवारपासून बुधवार, आठ दिवसांनी आपणहून बोललो. तिने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, “भावजींना काल रात्रीपासून ताप आहे. दवाखान्यात हलवलंय. दूध छातीत उतरलं म्हणतात.”

“रविवारपर्यंत उतरेल ताप,” म्हटलं. “आज आत्ता द्या ना हो,” म्हणाली. चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

प्लेट मऊ कापडात गुंडाळून डबीत ठेवली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी दोन वाजता गेला.

लेकीने फोन केला, हिने घेतला. मी प्लेटच्या डबीवर त्याचं नाव घालत होतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

हे लिहून ठेवायला हवं.

सकाळी लेक दवाखान्यातून आली आणि म्हणाली, “काकाचा गाल आत गेलाय. ओठ मिटत नाहीत. लोक बघायला येतील. प्लेट घेऊन चला.” रागाने नाही, काम सांगावं तसं.

मागच्या बाजूची थंड खोली. एक टेबल, एक नळ, भिंतीवर घड्याळ. नऊ वर्षांनी जवळून पाहिला त्याला. वडिलांसारखा दिसत होता. तिने त्याची हनुवटी धरली. मी कानस आणली होती, घासायचं छोटं यंत्र आणलं होतं, मेण आणलं होतं. पहिल्या खेपेला कुणाचीच बसत नाही. कुठे टोचते, कुठे अडते, दोनचारदा घासावी लागते. सव्वीस वर्षांत एकही बसलेली नाही.

ही बसली. बोटाने जरा वर लोटली आणि टक् आवाज करून बसली. कुठे घासावी लागली नाही. गाल भरून आला, ओठ मिटले. धाकटा आता काही बोलेल असा दिसायला लागला. मी वाट बघत उभा राहिलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.

लेक म्हणाली, “बाबा, ही कधी झाली होती?”

मी म्हटलं, बघून सांगतो. खरं तर बघायची गरज नव्हती. माझ्याच अक्षरात, याच वहीत लिहिलेलं आहे.

“सोळा सप्टेंबर,” मी म्हटलं.

तिने बोटांवर मोजलं. ओठ हलताना दिसले. चोवीस दिवस होतात, मी आधीच मोजले होते.

डॉक्टरीणबाई बाहेर होत्या. त्यांना विचारलं, वेळेवर दिली असती तर? “रोग वाईट होता,” त्या म्हणाल्या. “जगला असता की नाही, मी सांगू शकत नाही. बोलला असता, एवढं नक्की.”

१२ ऑक्टोबर, रविवार

आज त्याला मातीला दिलं, त्यामुळे वर्ग झाला नाही. पाळकसाहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात घेऊ. मी म्हटलं, मी घेणार नाही. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “दुःखातही किती शांत आहात तुम्ही.” तेव्हा त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं. खरंच वाटलं. दोन्ही हात वर आले होते, ते मी खिशात घातले.

घरी येऊन खणातला कागद काढला. ‘तोंडानेच सांगेन.’ मी त्या बाकावर डोकं ठेवून रडलो, आणि रडता रडता मुठी आपटत होतो. तिने आपटल्या त्याच जागी. मी त्याच्यावर रागावलो होतो. नऊ वर्षं, रोज, जेवताना, प्रार्थना करताना, त्याची प्लेट कोरताना. एकदाच त्याच्या दारात जाऊन ओरडलो असतो तर? तो हसला असता, आणि संपलं असतं.

आई म्हणाली होती ते दार आपटण्याबद्दल म्हणाली होती. मी दार आपटणं तेवढं सोडलं.

राग: आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

ही तिच्या भावाकडे गेली आहे. चार दिवसांसाठी म्हणाली. पेटी मोठी नेली.

संध्याकाळी लेकीला म्हटलं, “ओरड माझ्यावर. त्या दिवशी ओरडलीस तशी. मी ऐकतो, मधे बोलणार नाही.”

ती बुटाची नाडी बांधत होती. वर बघून हसली. तो चेहरा मी ओळखतो, दाढी करताना रोज आरशात बघतो.

“कशाला, बाबा? मी रागावलेले नाही. त्याच दिवशी, उजेड असतानाच सोडून दिलं मी. तुम्हीच शिकवलंत ना?”

“ओरड गं. दाताच्या कण्या करतोय मी.”

“मी दात धरत नाही, बाबा,” ती म्हणाली, अगदी हळू. दार न वाजवता गेली. रविवारपासून ती माझ्याशी बोललेली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आज मी विचारलं म्हणून बोलली.

मग खोलीत आलो. फळीवर धाकट्याची जागा रिकामी होती, जबडा ती घेऊन गेली आहे. हिचा आणि तिचा मी सरळ केला. शेवटी माझा होता, तो सपाट दातांचा, बिननावाचा. त्यावर आता पेन्सिलने ‘बाबा’ लिहिलंय, आणि तो भिंतीकडे वळवलेला आहे.

मी त्याला हात लावला नाही. तिने वळवलाय, तिनेच सरळ करायला हवा.

सूर्यास्त सहा अकराला होता. सात वाजून गेले.